वाचक विचारतात: पडद्यापलीकडची फ्रेंच

परदेशी भाषांविषयीच्या या सदराकडे गेल्या दोन महिन्यांत नाशिक आणि परिसरातून जी पत्रे आली, त्यांतील बहुतेकांचा विषय एकच निघाला: व्हिडिओ कॉलवर बोलण्यापुरती फ्रेंच कशी शिकावी. कोणाचा नातू तिकडे आहे, कोणाचा गिऱ्हाईक तिकडे आहे, कोणाची होऊ घातलेली विहीण तिकडे आहे. त्यामुळे या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवून हीच पत्रे घेतली आहेत. जागेअभावी ती संक्षिप्त केली आहेत. फ्रेंच वाक्ये देवनागरीतच दिली आहेत आणि ती कशी वाचायची याचा खुलासा दुसऱ्या उत्तरात आहे.

प्रश्न: माझा मुलगा आणि सून तुलूझला असतात. नातू चार वर्षांचा आहे आणि शाळेत जायला लागल्यापासून तो सगळे फ्रेंचमध्येच बोलतो. दर रविवारी व्हिडिओ कॉल होतो. पण तो काय म्हणतो ते मला कळत नाही, मी काय म्हणते ते त्याला कळत नाही, आणि दहा मिनिटांत तो पळून जातो. माझे वय एकाहत्तर. या वयात किती फ्रेंच शिकता येईल, आणि मुळात शिकावी का? (एक आजी, इंदिरानगर)

उत्तर: आजी, शिकावी, पण थोडीच शिकावी, आणि ती का थोडी हे आधी सांगते. फ्रान्समध्ये २०१९पासून वयाच्या तिसऱ्या वर्षीच शाळा सक्तीची झाली आहे. तुमचा नातू दिवसाचा मोठा भाग ‘एकोल मातेर्नेल’ या बालशाळेत घालवतो आणि तिथे त्याच्या कानांवर फ्रेंचशिवाय काही पडत नाही. मराठी त्याला मिळते ती संध्याकाळी आईवडिलांकडून आणि रविवारी तुमच्याकडून. तुम्हीही फ्रेंचकडे वळलात, तर त्या रविवारच्या मराठीचा एक झरा आटेल. म्हणून माझे म्हणणे असे की, दार उघडण्यापुरती फ्रेंच वापरावी आणि ते उघडले की मराठीत आत शिरावे.

दार उघडण्याचा शब्द ‘कूकू’. ‘बोंझूर’ चुकीचे नाही, पण नातवाला ते थोडे परक्यासारखे वाटते. घरातल्या माणसांत आणि लहानांशी ‘कूकू’च चालते. त्यापुढे ‘मों पूसॅं’ म्हणावे. पूसॅं म्हणजे कोंबडीचे पिल्लू, तेव्हा इथे तुम्हाला नवे काही शिकायचेच नाही. ‘माझं पिल्लू’ तुम्ही त्याला एरवीही म्हणत असाल. (मुलींना तिकडे लाडाने ‘मा प्यूस’ म्हणतात, म्हणजे ‘माझी पिसू’. हे मात्र आपल्याकडे कोणाला लाडाचे वाटणार नाही.) मग ‘त्यू मांतां?’ म्हणजे ‘तुला मी ऐकू येते का?’, आणि ‘त्यू म व्वा?’ म्हणजे ‘मी तुला दिसते का?’

यानंतरचे वाक्य सर्वांत कामाचे आहे: ‘मोंत्र म्वा!’, म्हणजे ‘दाखव मला’. चार वर्षांच्या मुलाला प्रश्नांची उत्तरे देण्यात रस नसतो, त्याला काहीतरी दाखवायचे असते. शाळेत काढलेले चित्र तो कॅमेऱ्यापुढे धरील. ‘से बो!’, म्हणजे ‘किती सुंदर!’, एवढे म्हणून तुम्ही लगेच मराठीत या: ‘हा हत्ती का? मग याची सोंड कुठे गेली?’ तो ‘अं नेलेफां’ म्हणेल, तुम्ही ‘हत्ती’ म्हणा. तो पुन्हा त्याचेच म्हणेल, तुम्ही पुन्हा तुमचेच म्हणा. तिसऱ्या रविवारी तो तुम्हाला मुद्दाम ‘हत्ती’ म्हणून दाखवील, कारण आजीला आपल्याकडून काहीतरी हवे आहे हे मुलांना फार लवकर समजते. ‘केस्क त्यू आ मांझे?’, म्हणजे ‘काय खाल्लेस?’, असे विचारलेत तर कदाचित ‘शोकोलातीन’ असे उत्तर येईल. चॉकलेट घातलेल्या त्या पावाला उरलेल्या बहुतेक फ्रान्समध्ये ‘पॅं ओ शोकोला’ म्हणतात, पण तुलूझकर शोकोलातीनच म्हणतात आणि त्यावरून कडाकडा भांडतातही. त्या वेळी तुमच्या बाजूने चिवड्याची बशी कॅमेऱ्यासमोर धरायला विसरू नका.

दोन शब्दांबाबत घरात आधीच बोलून ठेवा. फ्रेंच मुले आजीला ‘मामी’ म्हणतात आणि आजोबांना ‘पापी’. शाळेत शिकून आलेल्या नातवाने एखाद्या रविवारी तुमच्या यजमानांना सर्वांदेखत ‘पापी’ म्हणून हाक मारली, तर त्यात त्यांच्या आचरणावर काही ठपका नाही. तुम्हाला ‘आजी’च म्हणवून घ्यायचे असेल तर सूनबाईंना तसे सांगा, आणि तुम्ही स्वतः बोलताना ‘आजी’ हाच शब्द वापरत राहा.

सरावासाठी पुस्तक नको. सूनबाईंना सांगून नातवाच्याच आवाजात ही सहा-सात वाक्ये मोबाइलवर मागवून घ्या आणि पोळ्या लाटताना ती ऐकत जा. आठवड्याला एक वाक्य पुरे.

प्रश्न: फ्रेंच वाक्ये देवनागरीत लिहून पाठ केली तर चालतात का? आमच्या वर्गातले सर म्हणतात की त्याने उच्चार कायमचे बिघडतात. (एक विद्यार्थी, गंगापूर रोड)

उत्तर: सरांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण मी पहिला महिनाभर देवनागरीच्या बाजूने आहे. रोमन अक्षरे समोर आली की आपली जीभ नकळत इंग्रजी वाचू लागते, आणि फ्रेंचमध्ये तर शब्दाच्या शेवटची बरीच व्यंजने लिहायची असतात, बोलायची नसतात. देवनागरीत लिहिले की तो गोंधळ टळतो. शिवाय फ्रेंचचे ‘त’ आणि ‘द’ आपल्यासारखेच दातांवरचे आहेत आणि ‘प’, ‘क’ हेही श्वास न सोडता उच्चारले जातात. इंग्रजी मातृभाषा असलेल्या माणसाला ज्यासाठी धडपडावे लागते, ते आपल्याला आईच्या दुधाबरोबर मिळालेले असते.

खरी अडचण अनुस्वाराची आहे. ‘आनंद’ म्हणताना आपण अनुस्वाराचा ‘न्’ करतो आणि ‘आंबा’ म्हणताना ‘म्’. फ्रेंचमध्ये तसे करायचे नाही. तिथे हवा नाकातून जाते, पण जीभ किंवा ओठ कशालाही टेकत नाहीत. ‘बों’ म्हणून झाल्यावर तोंड उघडेच राहिले पाहिजे. जुन्या मराठी पुस्तकांत ‘नांव’, ‘घरांत’, ‘केलें’ असे लिहिलेले दिसते, ते अनुस्वार १९६२च्या लेखननियमांनी काढून टाकले. कोकणातल्या एखाद्या वयस्क माणसाच्या बोलण्यात ते नाकातले स्वर अजून ऐकू येतात. तसा कोणी शेजारी असेल तर त्याच्याकडे कान द्या, कारण फ्रेंचला हवा आहे तो नेमका तोच सूर. सरावाला ‘अं बों वॅं ब्लां’ हे वाक्य घ्यावे. त्यात फ्रेंचचे चारही अनुनासिक स्वर एकापाठोपाठ येतात आणि अर्थ होतो ‘एक चांगली पांढरी वाइन’. दिंडोरीच्या बाजूला शेनॅं ब्लां आणि सोव्हिन्यों ब्लां या मूळच्या फ्रेंच द्राक्षजातींच्या बागा उभ्या असताना नाशिककराने यापेक्षा वेगळे वाक्य शोधण्याचे कारण नाही. चार स्वरांपैकी पहिला आणि तिसरा यांत पॅरिसमधले अनेक लोक आता फरकच करीत नाहीत, तेव्हा त्या एका बाबतीत स्वतःला फार छळू नका.

या सदरातला ‘ज’ सगळीकडे ‘बाजार’मधला वाचावा. ‘झ’ हा मात्र ‘झाड’मधला नाही: ‘श’ म्हणत राहा आणि मध्येच घशातून आवाज सुरू करा, म्हणजे तो सापडतो. ‘त्यू’, ‘प्ल्यू’ यांतला स्वर मराठीत नाही. ओठ ‘ऊ’चे करून आत ‘ई’ म्हणायचा. हा एक स्वर मात्र घोटावाच लागतो, कारण ‘दस्यू’ म्हणजे वर आणि ‘दसू’ म्हणजे खाली. क्रेट कोठे ठेवायचा हे सांगताना या दोहोंची अदलाबदल झाली तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको. घशातल्या ‘र’साठी गुळण्या करीत बसण्याची मात्र गरज नाही. आपला जिभेच्या टोकाचा ‘र’ त्यांना व्यवस्थित कळतो. ग्रामीण फ्रान्समधल्या जुन्या पिढीत तो बोललाही जात असे.

प्रश्न: मी अंबडच्या एका कारखान्यात डिझाइन विभागात काम करते. ल्यों येथील सहकाऱ्यांबरोबर आठवड्यातून दोनदा व्हिडिओ बैठक असते. ती इंग्रजीतच चालते. एकदा तिकडचा आवाज येईना म्हणून मी शिकलेल्या फ्रेंचमध्ये ‘झ न वूजेकूत पा’ असे सांगितले, तर सगळे हसले. माझे काय चुकले? आणि बैठक इंग्रजीत असेल तर फ्रेंचच्या भानगडीत पडावे का? (एक अभियंता)

उत्तर: तुमच्या व्याकरणात काही चूक नव्हती. तुम्ही सहकाऱ्यांना शुद्ध फ्रेंचमध्ये सांगितलेत की, ‘मी तुमचे ऐकत नाही.’ आपल्याकडे ‘ऐकणे’ आणि ‘ऐकू येणे’ यांत जो फरक आहे, तोच फ्रेंचमध्ये ‘एकूते’ आणि ‘आंतांद्र’ या दोन क्रियापदांत आहे. तेव्हा यापुढे ‘झ न वूजांतां पा’ म्हणा, म्हणजे ‘तुमचे बोलणे मला ऐकू येत नाही.’ मराठी माणसाने हे एकदा समजून घेतले की त्याची पुन्हा चूक होत नाही, आणि ते हसले म्हणून मनाला लावून घेऊ नका. त्या दिवशी तुम्ही त्यांच्या लक्षात राहिलात.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे की, कामाची चर्चा खुशाल इंग्रजीत होऊ द्या, पण पहिली दोन मिनिटे आणि अडखळण्याचे सगळे क्षण फ्रेंचमध्ये सांभाळा. नवशिक्या लोकांना हवामान, छंद, कुटुंब यांवरची वाक्ये आधी शिकवतात. कॉलवर ती क्वचितच लागतात. आवाज तुटतो, चित्र गोठते, कोणीतरी माइक बंद ठेवून तावातावाने बोलत असतो. हे मात्र दर कॉलला होते. म्हणून संभाषणाची डागडुजी करणारी वाक्ये आधी शिकावीत, संभाषण मागाहून येते.

सुरुवातीला ‘बोंझूर आ तूस’ म्हणावे, म्हणजे ‘सर्वांना नमस्कार’. इथे शेवटचा ‘स’ उच्चारायचा आहे, हे अपवाद म्हणून लक्षात ठेवा. ‘वू मांतांदे ब्यॅं?’, म्हणजे ‘माझा आवाज नीट येतोय ना?’ कोणाचा माइक बंद असेल तर ‘वोत्र मिक्रो ए कुपे’. आवाज तुटत असेल तर नुसते ‘सा कुप’. चित्र गोठले तर ‘लिमाझ ए फिझे’. स्क्रीन दाखवताना ‘झ पार्ताझ मोनेक्रां’ म्हणावे, आणि सगळे जुळले की ‘से बों’. या बैठकीला ते स्वतः ‘व्हिजिओ’ म्हणतात. ‘व्हिडिओ कॉन्फरन्स’ असे लांबलचक कोणी म्हणत नाही. न समजल्यास ‘झ ने पा कोंप्री’, आणि त्याच दमात ‘प्ल्यू लांतमां, सिल वू प्ले’, म्हणजे ‘जरा सावकाश, कृपया’. तुमचा संपर्क तुटून तुम्ही परत आलात तर पुन्हा ‘बोंझूर’ म्हणू नका, कारण ते एका माणसाला दिवसातून एकदाच म्हणतात. दुसऱ्यांदा म्हटले तर पहिल्या भेटीचा विसर पडल्यासारखे होते. ‘म रव्वाला’ म्हणा. ‘आले बाई परत’ याचा तो शिष्ट अवतार आहे.

आणखी एक सांगते, कारण मी स्वतः त्यात फसले आहे. समोरचा ‘आ बों?’ म्हणाला, तर त्याला तुमचे म्हणणे चांगले वाटले असे समजू नका. त्याचा अर्थ आपल्या ‘असं का?’इतकाच आहे. उलट आपण ऐकताना मान डोलावतो, ती त्यांना छोट्या चौकटीत होकार वाटते की नकार हे कळत नाही. तेव्हा डोलावलेल्या मानेला ‘वी’ (हो) किंवा ‘दाकोर’ची (ठीक आहे) जोड द्यावी. त्यांच्या दुपारी बारा ते दोनच्या जेवणात बैठक घालू नये हे तुम्हाला ठाऊक असेलच. हिवाळ्यात ती वेळ आपल्याकडे साडेचार ते साडेसहा असते, उन्हाळ्यात साडेतीन ते साडेपाच.

प्रश्न: निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. माल निर्यातदारामार्फत जातो, पण गेल्या हंगामापासून पॅरिसजवळच्या रुंगिस बाजारातल्या एका व्यापाऱ्याशी थेट व्हिडिओ कॉल सुरू झाले आहेत. इंग्रजी त्याचेही जेमतेम आणि माझेही. त्याच्या संदेशात ‘रेझिन’ असा शब्द पाहून त्याला बेदाणा हवा आहे असे समजून मी भाव काढून बसलो. नंतर कळले की त्याला ताजा मालच हवा होता. शिवाय मार्चच्या शेवटी दोनदा कॉल चुकला, तो का ते अजून समजले नाही. (एक बागायतदार)

उत्तर: भाऊ, तुम्ही ज्या शब्दावर घसरलात त्यावर बहुतेक सगळे इंग्रजी शिकलेले घसरतात. फ्रेंचमध्ये तो शब्द ‘रेजॅं’ असा उच्चारतात आणि त्याचा अर्थ ताजी द्राक्षे असाच आहे. इंग्रजांनी तो उचलला तो वाळलेल्या फळासाठी. ताज्या फळासाठी त्यांनी घेतला तो ‘ग्राप’ हा फ्रेंच शब्द, ज्याचा फ्रेंचमधला अर्थ आहे घड. म्हणजे दोन्ही शब्द समुद्र ओलांडताना एकेक पायरी सरकले. बेदाण्याला फ्रेंचमध्ये ‘रेजॅं सेक’ म्हणतात, म्हणजे सुकी द्राक्षे. संदेशात ‘सेक’ नसेल तर बेदाण्याचा विचारही करू नका. तुम्ही ज्याला हिरवा माल म्हणता तो त्यांच्या लेखी ‘रेजॅं ब्लां’, म्हणजे पांढरा, हेही ध्यानात असू द्या. नाहीतर पांढरी द्राक्षे कोठून आणू या काळजीत पडाल. आणि बाजाराचे नाव बोलताना ‘रंझिस’. १९६९ साली पॅरिसच्या मध्यातला जुना घाऊक बाजार हलवून तिथे नेला, आणि तिथला दिवस उजाडण्याच्या बराच आधी सुरू होतो. तुम्ही दुपारी उत्साहाने फोन लावता तेव्हा त्या माणसाचे निम्मे काम उरकलेले असते, हे लक्षात ठेवून बोलणे आटोपशीर ठेवावे.

बागेतून बोलताना लागणारे शब्द थोडेच आहेत आणि त्यांची जोडी तुमच्या रोजच्या शब्दांशी अगदी चपखल जुळते. घड ‘ग्राप’, मणी ‘ग्रॅं’, घडाचा देठ ‘राफ्ल’, बिनबियांचे ‘सां पेपॅं’, मण्याची साइज ‘कालिब्र’, पनेट, म्हणजे द्राक्षे भरायची छोटी डबी, ‘बार्केत’. ब्रिक्सला, म्हणजे गोडीच्या मापाला, ब्रिक्सच. आता कॉलची कल्पना करा. सूर्य पाठीशी घेऊन तुम्ही वेलीखाली उभे आहात आणि घड तळहातावर घेतला आहे. ‘झ वू मोंत्र ला ग्राप’, म्हणजे ‘घड दाखवतो’. ‘वू व्वाये ब्यॅं?’, म्हणजे ‘नीट दिसतोय ना?’ तो बहुधा ‘प्ल्यू प्रे’ म्हणेल, म्हणजे ‘आणखी जवळ’. इथे घाईने घड कॅमेऱ्याच्या अंगावर नेला तर पडद्यावर नुसता हिरवा धूर दिसतो. वीतभर अंतरावर धरा, मोबाइलला नजर स्थिर करायला क्षणभर द्या आणि मण्याशेजारी मापाची पट्टी टेकवा. अठरा मिलिमीटर त्याला डोळ्यांनी दिसले की अठरा हा आकडा फ्रेंचमध्ये सांगण्याची गरज उरत नाही. देठ उलटा करून दाखवा आणि ‘राफ्ल व्हेर्त’, म्हणजे ‘देठ हिरवा आहे’, एवढेच म्हणा. ताजेपणाची त्याची निम्मी शंका तिथेच फिटते. मग एक मणी तोंडात टाकून चावा आणि ‘क्रोकां’ म्हणा. करकरीत हा शब्द त्यांनाही आवडतो, आणि तो आवाज तर कुठल्याच भाषेचा नाही.

आकड्यांच्या बाबतीत मात्र कोणावर विसंबू नका, माझ्यावरही नाही. फ्रेंच लोक सत्तरला ‘साठ-दहा’ म्हणतात, ऐंशीला ‘चार वीस’ आणि नव्वदला ‘चार वीस दहा’. आपले जुने लोक ‘तीन विसा’, ‘चार विसा’ असे मोजत, त्यामुळे यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही. पण भाव ठरवताना ‘कात्र वॅं’ म्हणजे ऐंशी आणि ‘कात्र एरो वॅं’ म्हणजे चार युरो वीस सेंट, हे खराब रेंजमध्ये वेगळे ऐकू येण्याची खात्री नसते. म्हणून भाव, वजन आणि तारीख नेहमी चॅटच्या चौकटीत अंकांत टाका आणि ‘से सा?’, म्हणजे ‘हेच ना?’, असे विचारा. अंक लिहिताना ते दशांशाला टिंबाऐवजी स्वल्पविराम देतात, तेही पाहून घ्या.

आता मार्चचे कोडे. मार्चच्या शेवटच्या रविवारी फ्रान्समधली घड्याळे एक तास पुढे जातात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा मागे येतात. हिवाळ्यात आपण त्यांच्या साडेचार तास पुढे असतो, उन्हाळ्यात साडेतीन तास. त्याची सकाळची साडेदहाची वेळ तुमच्याकडे फेब्रुवारीत दुपारी तीनला येत होती, ती मार्चअखेर दोनला येऊ लागली. तो दोनला तुमची वाट पाहून गेला आणि तुम्ही तीनला त्याची. द्राक्षाच्या हंगामात नेमका हा रविवार येतो, तेव्हा पॅकहाउसच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात त्यावर आत्ताच लाल खूण करून ठेवा. आणि झाल्याबद्दल ‘झ स्वी देजोले’ म्हणून टाका. एवढ्या दिलगिरीवर तिकडे भागते, लांबण लावावी लागत नाही.

प्रश्न: मुलीने नांत येथील मुलाशी लग्न ठरवले आहे. पुढच्या महिन्यात त्याच्या आईवडिलांशी आमचा पहिला व्हिडिओ कॉल आहे. त्यांना ‘तू’ म्हणायचे की ‘तुम्ही’? आणि व्याही, विहीणबाई यांना फ्रेंचमध्ये काय म्हणतात? (पंचवटीतील एक वाचक)

उत्तर: प्रथम ‘वू’, म्हणजे आपले ‘तुम्ही’. भेटताक्षणी ‘बोंझूर, आंशांते’ म्हणावे, म्हणजे ‘भेटून आनंद झाला’. त्यांच्या मनात जवळीक निर्माण झाली की ते स्वतःच ‘ओं प स त्यूत्वाये?’ असे विचारतील, म्हणजे ‘आपण आता अरे-तुरे करू या का?’ त्याला ‘वी, ब्यॅं स्यूर’ म्हणून आनंदाने होकार द्यावा, पण विचारण्याची घाई आपण करू नये. तुमचा जावई वडिलांनाच काय, आजोबांनाही ‘त्यू’ म्हणताना ऐकू येईल. आपल्याकडे आईला ‘तू’ आणि वडिलांना ‘अहो’ म्हणण्याची रीत आहे. त्यांच्याकडे घरात सगळ्यांना एकच माप लावतात, त्यात अनादर नसतो.

व्याही आणि विहीण यांच्यासाठी रोजच्या फ्रेंचमध्ये सुटसुटीत शब्दच नाही. नात्याला नाव नसले की मानपानही नसतात, हा त्यातला लाभ समजा. नावाने हाक मारावी. ‘बेल मेर’ हा शब्द शब्दकोशात सापडला तरी तो विहिणीसाठी वापरू नका. त्याचा अर्थ सासू असाही होतो आणि सावत्र आई असाही.

एक इशारा मात्र देते. आपण कोणालाही ‘जेवण झालं का?’ विचारतो. नाशिकला रात्रीचे नऊ वाजलेले असताना तिकडे ऋतूप्रमाणे साडेचार किंवा साडेपाच वाजलेले असतात, आणि त्या वेळी जेवणाची चौकशी केली तर ते गोंधळतील. त्याऐवजी ‘सा वा?’ विचारावे, त्याचे उत्तरही ‘सा वा’ असेच असते, जसे आपले ‘बरं आहे?’ ‘बरं आहे.’ जेवणावर विषय गेलाच आणि आपले पोट भरले आहे असे सांगायचे असेल, तर ‘झे ब्यॅं मांझे’, म्हणजे ‘छान जेवले’, एवढेच म्हणावे. मी तरुणपणी एका फ्रेंच घरी पहिल्यांदा जेवले तेव्हा इंग्रजीवरून बेतून ‘झ स्वी प्लेन’ म्हणाले होते. टेबलाभोवती क्षणभर शांतता पसरली. तो शब्द गाभण गाईसाठी वापरतात, हे मला परतीच्या वाटेवर एका मैत्रिणीने सांगितले.

प्रश्न: कॉल संपवायचा कसा? आम्ही ‘बाय’ म्हणून बंद करतो, तेव्हा पलीकडचे अजून काहीतरी बोलत असतात. (कॉलेज रोड)

उत्तर: ते बोलत असतात, कारण निरोप घेणे हे त्यांच्याकडे एका शब्दाचे काम नाही. आधी ‘बों’ असा सुस्कारा येतो, मग ‘झ वू लेस’, म्हणजे ‘आता तुम्हाला मोकळे करतो’. त्यानंतर दिवसाच्या उरलेल्या भागासाठी शुभेच्छा येतात, आणि त्या त्यांच्या घड्याळाप्रमाणे द्यायच्या असतात: दुपार असेल तर ‘बोनाप्रेमिदी’, संध्याकाळ असेल तर ‘बोन स्वारे’. ‘बोंस्वार’ हे संध्याकाळी भेटताना म्हणण्याचे, निघताना म्हणण्याचे ‘बोन स्वारे’. दोन्हींची गल्लत होते. मग कोणीतरी ‘आले’ म्हणते. हा शब्द ऐकून कोण आले म्हणून मागे वळून पाहू नका. शब्दशः त्याचा अर्थ ‘जा’ असा आहे आणि इथे तो ‘चला तर मग’ या अर्थाने येतो. घरच्यांत त्यापुढे ‘बीजू’, म्हणजे पापा, आणि परक्यांत ‘ओ रव्वार’. हा शेवटचा शब्द म्हणजे ‘पुन्हा दृष्टीस पडेपर्यंत’. उंबऱ्यावर ‘जाते’ न म्हणता ‘येते’ म्हणणाऱ्यांना तो समजावून सांगावा लागत नाही. एवढे सगळे होईपर्यंत बोट लाल बटणापासून लांब ठेवा, आणि शक्य असेल तर ते त्यांनाच दाबू द्या.